गुडघ्यावरचा फेटा

आमच्या गावात फेटा बांधायचा म्हटलं की गहिनीआण्णा. लग्न असो, साखर कारखान्याच्या निवडणुकीचा गुलाल असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार, आण्णा आल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर कापड चढत नसे. गाव प्रवरेच्या काठी, नेवाशापासून दोन कोसांवर. वेशीजवळ माझं शिलाईचं दुकान आणि दुकानाच्या ओट्यावर आण्णाची बैठक. हातात कालचा पेपर, डोक्यावर मी शिवलेली पांढरी टोपी. त्याच्या टोपीला मला इतरांपेक्षा चार बोटं कापड जास्त लागायचं. तरी दर टोपीच्या वेळी तो डोळे बारीक करून विचारायचा, "टेलर, उरलेलं कापड कुठं गेलं?"

मला त्याचा राग यायचा, पण फार वेळ टिकायचा नाही, कारण तो सगळ्यांशीच असा होता. एकाहत्तर साली आपल्या क्रिकेटवाल्यांनी आधी वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्या घरात जाऊन हरवलं, तेव्हा माझ्या ट्रान्झिस्टरभोवती पोरं नाचली. आण्णा ओट्यावरून उठलाही नाही. म्हणाला, "इंग्रज दीडशे वर्सं हितं बसला, तवा कुठं हरला न्हाई. आन् आता त्येला चेंडू दिसंना झाला व्हय? आपल्याकडनं कायतरी पायजे आसंल त्येला."

"काय पायजे आसंल?" मी विचारलं.

"ते पेपरात येत न्हाई."

त्याच साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्राला पाच पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं. हे पैसे कुठं जातात याची खात्री नाही म्हणून आण्णाने पत्रं लिहिणंच बंद केलं. तसा तो आधीही कुणाला पत्र लिहीत नव्हता. पुढं बहात्तरच्या मार्चात विधानसभेचं मतदान झालं, तर बोटावरची शाई त्याने घरी येऊन आधी रॉकेलने, मग चिंचेने, मग राखेने घासून बघितली. शाई गेली नाही. एखाद्याचं समाधान झालं असतं. आण्णा म्हणाला, "एवढी पक्की करत्यात म्हंजे त्येन्ला आपला इस्वास न्हाई. मग आपन त्येंचा का धरायचा?"

आण्णाच्या बोलण्याला बहुतेक वेळा उत्तर नसायचं आणि त्यातच त्याची निम्मी ताकद होती.

डोक्यांच्या बाबतीत मात्र तो बोलायचा ते मी कान देऊन ऐकत असे. ज्या डोक्याला एकदा हात लागला त्याचं माप आपल्या बोटांत राहतं, असं तो सांगायचा. निवडून आलेल्याचं डोकं दोन बोटांनी वाढतं, हाही त्याचाच शोध. "आन् पडलेल्याचं?" मी एकदा विचारलं. "त्येचं बी वाढतं," तो म्हणाला, "त्येला वाटतं आपन पडलो न्हाई, आपल्याला पाडलं." कारखान्याच्या निवडणुकीत आमच्या भागातल्या दोन गटांनी एकमेकांचे वाडवडील उकरून काढले होते. पंधरवडा गेला नाही तोच दोन्ही गटांचे म्होरके एका लग्नात शेजारी बसले आणि आण्णाने एकाच ताग्यातले फेटे दोघांना बांधले. तेव्हापासून कुणी तावातावाने भांडताना दिसला की तो म्हणायचा, "तागा एकच हाय बाबा, तागा एकच हाय."

लग्नातल्या मानपानाचं तर त्याला पाठ होतं. फेट्यासाठी नाव पुकारलं की माणूस आधी "राहू द्या, राहू द्या" म्हणतो. पण म्हणताना मान पुढं करतो, मागं घेत नाही. ज्याचं नाव राहून जातं तो जेवायला बसत नाही, बैलाला वैरण टाकायची राहिली असं सांगून निघतो, आणि त्याच्या घरी बैल नसतो. असं सगळं आण्णा मला दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सांगायचा.

या सगळ्यात त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कधी फेटा चढला नाही. सगळ्यांना बांधून झालं की यजमान म्हणायचा, "आण्णा, जेवून जा बरं का." तेवढंच. फेटा मान म्हणून चढवायचा तर दुसऱ्याच्या हातून चढावा लागतो आणि बांधणारा हात गावात एकच होता. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, "मला फेट्यात गरम हुतं." त्याच्या संगतीत राहून मलाही संशय घ्यायची सवय लागली होती, त्यामुळं ते गरम होण्याचं मला खरं वाटलं नाही.

आण्णाला मूलबाळ नव्हतं. त्याची बहीण राहीबाई गेली तेव्हा तिचा मुलगा सहादेव अगदी लहान होता. आण्णा त्याला खांद्यावर घेऊन आला आणि आण्णाच्या बायकोनं, मनकर्णावहिनीनं, त्याला वाढवलं. घरातलं दूध पोराला आणि चहा कोरा, असा त्या घरचा नियम होता. सहादेव तालमीत जायला लागला, अंगानं भरला, आसपासच्या जत्रांत कुस्त्या मारून यायला लागला. डोकं मात्र लहानच राहिलं. भक्कम खांद्यांवर ते लहानसं डोकं बघून पोरं हसायची. आण्णा म्हणायचा, "हसू द्या. लहान डोक्यात हवा कमी ऱ्हाती." एका सहादेवबद्दल तो कधी वाकडं बोलल्याचं मला आठवत नाही.

बहात्तरच्या चैत्रात आमच्या भैरोबाची जत्रा आली आणि शेवटची मानाची कुस्ती सहादेवला मिळाली. समोर नेवाशाचा हैदर पैलवान. हैदर दांडगा गडी, डोकं एवढं की आण्णा म्हणायचा त्याला बांधायला दीड फेटा लागतो. कुस्ती ठरली आणि मनकर्णावहिनीनं देवाला नारळ बोलला. आण्णानं मात्र दुसऱ्याच दिवशी ओट्यावर येऊन मला हळूच सांगितलं, "टेलर, सहादेव आजकाल लई गोड बोलतो माझ्याशी."

"मग काय वाईट हाय?"

"सकाळी इचारतो, मामा चा घेतला का. कधी इचारत न्हवता. आन् काल कारभारीसंगं देवळामागं कुजबुज चाललीती. मी गेल्तो तर दोघं गप."

कारभारी म्हणजे आमच्या जत्रेचा पुढारी. भला माणूस, पण वर्गणी गोळा करणाऱ्याकडं लोक बघायचे तसंच आण्णाही त्याच्याकडं बघायचा. मी म्हणालो, "आण्णा, जत्रेचं बोलत आसतील." तो पेपर उघडून बसला, आणि पेपर उलटा होता.

जत्रेच्या दिवशी सकाळीच कारभारी माझ्या दुकानात आला. काखेत गुलाबी फेट्याचं नवं कापड होतं. म्हणाला, "आण्णा, औंदा मानाचा फेटा गुडघ्यावर बांधून तयार ठेवा. मागल्या साली पावन्यांची भाषनं लांबली आन् फेटा बांधता बांधता अंधार पडला. औंदा कुस्ती झाली की लगीच डोक्यावर ठिवायचा." मग जाता जाता, पायरीवरून मागं वळून, "माप जरा मोठंच धरा."

गुडघ्यावर फेटा बांधणं ही काही नवी गोष्ट नव्हती. मांडी उभी करून गुडघ्यालाच डोकं समजायचं आणि त्यावर फेटा बांधायचा. आण्णाचा उघडा गुडघा लहान डोक्याच्या मापाचा होता. मोठं डोकं असलं की तो गुडघ्याला आधी पंचा गुंडाळून घ्यायचा, जेवढं डोकं मोठं तेवढे पंच्याचे वेढे. मग आतून मी चार टाके मारले की फेटा पगडीसारखा कुठंही नेता यायचा.

कारभारी वेशीबाहेर जाईपर्यंत आण्णा त्याच्या पाठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ऐकलं का? मोठं माप."

मला कळलं नाही.

"टेलर, कुस्ती अजून व्हायचीय. फेटा जिंकनाराचा. दोघांतलं मोठं डोकं कुनाचं हाय?"

"हैदरचं."

"मग हेला सकाळीच कसं ठावं की मोठंच डोकं जिंकनार?"

मी शिलाईयंत्राचं चाक धरून थांबलो. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. देवळामागची कुजबुज, गोड बोलणं, मोठं माप, सगळं एका ओळीत बसत होतं. ठरवून केलेल्या कुस्त्या आम्ही पाहिल्या नव्हत्या असं नाही. एक पडायला तयार होतो, दुसरा पाडतो, आणि माती तेवढी खरी उडते.

"सहादेवला इचार की सरळ," मी म्हणालो.

"इचारल्यावर खरं सांगनारा मानूस म्या अजून बघितला न्हाई."

"आरं पन ते पोरगं तुझ्या हातचं हाय, आण्णा."

त्याचा चेहरा असा काही उतरला की मला त्याची दया आली. क्रिकेटवर, शाईवर, कारखान्यावर संशय घेताना हा माणूस आतून खूश असायचा. आज तसं नव्हतं. आज त्याला आपलं म्हणणं खोटं ठरायला हवं होतं, आणि ते खोटं ठरवायची एक साधी वाट होती, ती त्याला चालवत नव्हती.

थोड्या वेळानं त्यानं मांडी उभी केली आणि गुडघ्याला पंचा गुंडाळला. मग तो पंचा सोडून कोपऱ्यात फेकून दिला आणि उघड्या गुडघ्यावर फेटा बांधायला घेतला.

"आण्णा, मोठं माप सांगितलंय."

"सांगू दे. हैदरच्या डोक्यावर हा झाकनावानी बसंल. सगळ्या जत्रेदेखत बसंल. मग कारभारीला लोक इचारतील, काय रं, हा फेटा कुनाच्या मापाचा? तवा म्या सांगंन काय ते." त्यानं शेवटचा पीळ ओढून धरला. "मार टाके. पक्के मार, कुनाला सैल करता यीऊ नये."

मी टाके मारले. दुहेरी दोरा घातला.

दुपार कलल्यावर सहादेव आला. कुस्तीला निघण्यापूर्वी मामाच्या पाया पडायचं हा त्याचा रिवाज. अंगाला तेल, कपाळाला भैरोबाचा अंगारा. आण्णानं फेटा धोतराच्या सोग्याखाली झाकला. सहादेव वाकला तसे आण्णानं पाय आत ओढून घेतले.

"कारभारीसंगं देवळामागं काय बोलला ते ठावं हाय मला," आण्णा म्हणाला.

सहादेवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि पाय न शिवताच उठून आखाड्याकडं चालू लागला. आण्णानं माझ्याकडं असं बघितलं की जणू दावा निकालात निघाला.

आखाडा नदीच्या बाजूला, भैरोबाच्या मागं. लोक चारी बाजूंनी बसले होते, हलगी कडाडत होती. आण्णा पुढं बसायला तयार नव्हता. आम्ही लिंबाच्या बुंध्याशी मागं उभे राहिलो. फेटा आण्णाच्या हातात फडक्यात बांधलेला. कारभारीनं दोघांचे हात मिळवले आणि कुस्ती लागली.

हैदरनं पहिल्या झटक्यालाच सहादेवला खाली घेतलं. "बघ," आण्णा म्हणाला, "सुरू झालं." सहादेव पोटावर पडून राहिला, हैदर त्याला उलटवायला बघत होता, माती दोघांच्या तोंडात जात होती. सहादेवची मान अशी ताणलेली की मला बघवेना. "आता जाईल," आण्णा म्हणाला. गेला नाही. "वेळ काढतोय, लोकांना खरं वाटावं म्हनून." मी आयुष्यात पहिल्यांदा आण्णाला गप बस म्हणालो.

सहादेव सुटला, उभा राहिला. दोघं पुन्हा भिडले. आणि मग नक्की काय झालं ते माझ्यासारख्या टेलरला सांगता यायचं नाही, पण हैदरचं एवढं धूड सहादेवच्या कमरेवरून फिरलं आणि त्याचे दोन्ही खांदे मातीला लागले. पंचाची शिट्टी वाजायच्या आधीच लोक उठून आत धावले. हैदर अंग झटकत उठला, त्यानं हसत सहादेवला मिठी मारली आणि त्याचा हात वर धरला.

आण्णा तसाच उभा. तोंडातून एवढंच आलं, "हैदर फितला का काय?" पण त्या बोलण्यात जोर नव्हता.

तेवढ्यात कर्ण्यावरून कारभारीचा आवाज आला. "मंडळी, खाली बसा. आपल्या सहादेव पैलवानानं मला एक गोष्ट आधीच बोलून ठिवलीय. जिंकलो तर मानाचा फेटा माझ्या डोक्यावर नको, माझ्या मामाच्या डोक्यावर ठिवा, म्हनला. सगळ्या पंचक्रोशीच्या डोक्याला ह्या मानसानं फेटा बांधला, त्येला कुनी बांधला न्हाई. गहिनीआण्णा, कुटं आसाल तिथनं आत या."

मी आण्णाकडं बघितलं. मला त्याच्या टोपीचं कापड आठवलं, ते चार बोटं जास्तीचं. गावातलं सगळ्यात मोठं डोकं माझ्या शेजारी उभं होतं आणि मला सकाळी ते सुचलं नव्हतं. त्यालाही सुचलं नव्हतं. सगळ्यांची डोकी त्याच्या बोटांत होती, स्वतःचं सोडून.

लोकांनी त्याला ढकलत आत नेलं. कारभारीनं फडकं सोडलं, आण्णाची टोपी काढली आणि फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. फेटा डोक्याच्या वरच बसला. कारभारीनं दाबला, तरी खाली जाईना. मागून कुणीतरी हसलं, मग सगळी जत्रा हसली. कारभारी खालच्या आवाजात म्हणाला, "आण्णा, म्या माप मोठं धरा म्हनलं हुतं ना." आण्णा दोन्ही हात लोंबकळत ठेवून उभा होता. फेटा सावरायलाही त्यानं हात वर केला नाही.

सहादेवनं पुढं होऊन फेटा उचलला. आत बोटं घालून त्यानं टाके चाचपले, फिरवून बघितला आणि मातीनं भरलेल्या आपल्या डोक्यावर ठेवला. फेटा असा बसला की जणू तिथंच बांधला होता. हसणं थांबलं.

"मामा," तो म्हणाला, "हा तर माझ्या मापाचा हाय."

आण्णानं कारभारीच्या हातातली आपली टोपी घेतली आणि डोक्यावर घातली.

"तुमी पाय काढून घेतलं तवा मला वाटलं, मामाला माझा भरवसा न्हाई. कुस्तीत बी तेच डोक्यात हुतं. आन् तुमी सकाळीच माझ्या मापाचा बांधून बसलाता." असं म्हणून त्यानं मामाला मिठीत घेतलं, आणि आण्णाच्या पांढऱ्या सदऱ्याला तांबडी माती लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारभारीनं डोळे पुसले. टाके उसवून फेटा पुन्हा बांधा असं कुणीतरी म्हणालं, पण सहादेव ते उसवू देईना. आण्णा त्या दिवशीही टोपीतच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर आला तेव्हा हातात पेपर नव्हता. बसता बसता म्हणाला, "सगळ्या दुनियेवर संशय घेतला तरी चाललं आसतं. एका त्येच्यावर घ्याया नको हुता." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"झालं ते बरंच झालं की," मी म्हणालो.

"टाके तू मारलं. तुला ठावं हाय समदं." त्यानं डोळे बारीक केले. "तू सांगशील त्येला."

"न्हाई सांगनार, आण्णा."

"सगळे आसंच म्हनत्यात."

त्यानंतर त्यानं क्रिकेटकडं फारसं लक्ष दिलं नाही, पुढाऱ्यांनाही जरा सूट मिळाली. त्याचा सगळा संशय माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. सहादेव दुकानाकडं येताना दिसला की आण्णा त्याच्याआधी येऊन बसायचा. मी सहादेवशी दोन शब्द जास्त बोललो तर तो गेल्यावर विचारायचा, "काय म्हनत हुता?" त्या वर्षी पाऊस झाला नाही. सहादेव पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला गेला, कुस्त्या बंद पडल्या. फेटा मात्र घरात खुंटीवर होता, तसाच टाक्यांसकट.

पुढल्या सालाच्या अखेरीला सहादेवला मुलीकडची माणसं बघायला आली, पुणतांब्याची. मला शेजारी म्हणून बोलावलं होतं आणि सहादेवच्या नव्या सदऱ्याची बटणं लावून दे म्हणून सुई-दोराही आणायला सांगितलं होतं. मुलीचा बाप बारीक नजरेचा गृहस्थ. त्यानं घराच्या आढ्यापासून पाण्याच्या घागरीपर्यंत सगळं बघून घेतलं, मनकर्णावहिनीनं दिलेला चहा आधी हुंगला, आणि मग त्याची नजर खुंटीवर गेली. सहादेवनं आनंदानं सगळी हकिकत सांगितली. मामानं कुस्ती व्हायच्या आधीच आपल्या मापाचा फेटा कसा बांधून ठेवला होता, तेही.

पाहुण्यानं आण्णाकडं वळून विचारलं, "समोर एवढा मोठा पैलवान, आन् तुमाला जराबी शंका आली न्हाई?"

घरात सगळे आण्णाकडं बघत होते. आण्णा माझ्याकडं बघत होता.

"पोरगं आपलंच," तो म्हणाला, "शंका कशी येईल."

मी खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिलो.